नाओ, ठीक!

"मला नाही बघायची गाडी!" म्हणत नाओ पुलाच्या जाळीकडे पाठ करून फतकल मारून बसली.

"बुडाला थंडी भरेल, ऊठ," तोमिए म्हणाली आणि भाताच्या गोळ्यांचा डबा तिनं नातीपुढे सरकवला. नाओनं तो परत ढकलला.

रुळांवरच्या या पादचारी पुलावर रविवारी पोराटोरांची जत्रा भरते. आज मात्र कॅमेरा गळ्यात अडकवलेले एक आजोबा तेवढे होते.

तोमिएची सून चिनात्सु, नाओ झाल्यापासून घरी होती ती, गेल्या आठवड्यात पुन्हा गाडी चालवायला रुजू झाली. तेव्हापासून रोज सकाळी नाओचा दारात आकांत. काल भांडी पुसता पुसता सून म्हणाली, "आई, उद्या तिला पुलावर घेऊन या. मला गाडी चालवताना बघूनही रडली, तर मी कचेरीतलं काम मागून घेते."

वर्षभर तोमिएही तेच सांगत आली होती. तरी काल तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही. सून एकच ताटली कितीतरी वेळ पुसत होती.

"आली, आली!" आजोबा कॅमेरा सरसावत म्हणाले. "आणि चालवतेय बाई, बघा!"

नाओ उठलीच. नारिंगी पट्ट्याची गाडी वळणावरून येत होती. समोरच्या काचेआड टोपी, टोपीखाली आई. नाओनं हात हलवला. पुन्हा हलवला. काचेआडून काहीच नाही. तिचा खालचा ओठ पुढे आला.

तेवढ्यात पांढरा हातमोजा वर उठला, बोट ताठ समोर रोखलं गेलं, ओठ हलले, आणि गाडी धडधडत पुलाखाली शिरली.

"आजी! आईनं मला तपासलं!"

बोट रोखून, मोठ्यानं म्हणून तपासायची ही गाडीवरची सवय चिनात्सु घरीही पाळायची. शेगडीकडे बोट, 'गॅस, बंद!' कडीकडे बोट, 'दार, ठीक!' शेवटी लेकीच्या नाकासमोर, 'नाओ, ठीक!' तोमिए म्हणायची, घराचं पार स्टेशन करून टाकलंय हिनं.

"अगं बाळ, ते तर सिग्नलला..." आजोबांनी पुलाखालचा हिरवा दिवा दाखवायला हात उचलला.

तोमिएनं त्याच हातात भाताचा गोळा कोंबला. "घ्या ना. आत खारवलेला मासा आहे. चांगलं तोंड भरून खा."

आजोबांनी सिग्नलकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं तोंड भरलं.

"आई परत येईल?"

"येईल की. पलीकडच्या रुळावरून."

"मग थांबू या. मलाही तिला तपासायचंय."

डबा रिकामा झाला. गाडी परतली तेव्हा नाओ जाळीला नाक लावून सज्ज होती. इवलंसं बोट ताठ झालं. "आई, ठीक!" ती अशी काही गरजली की पुलाखालची कबुतरं भर्रकन उडाली.

तोमिएनं हळूच मागे पाहिलं. आजोबा कॅमेऱ्यात गुंतले होते. तिनं पाठ सरळ केली, बोट काचेवर रोखलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"चिनात्सु, ठीक!"