दादांच्या हातासाठी निवडलेला मी

मी चार्जिंगवर चालणारा एक स्क्रूड्रायव्हर बोलतोय. अंगाने जाड मार्करपेनाएवढा, वजनाला पेरूहून हलका. गळ्याशी एक कडं आहे, त्यावर आकडे आहेत. कडं फिरवून आकडा ठरवला की तेवढाच जोर लावायचा आणि मग कट्‌कट् करून थांबायचं, असा माझा स्वभाव. भिंतीला भोक पाडणं किंवा पलंग जोडणं मला झेपत नाही. म्हणूनच दुकानाच्या काचेच्या कपाटात मी बरेच दिवस पडून होतो.

माझे शेजारी पिस्तुलासारखे, धिप्पाड. गिऱ्हाईक आलं की दुकानदार त्यांनाच पुढे करायचा. मला कुणी उचललंच तर हसून म्हणायचं, "हे काय, खेळणं आहे का?" आणि परत ठेवून द्यायचं. हळूहळू मलाही वाटायला लागलं, की आपण खेळणंच असू.

मग एके दिवशी बेबीताई आली.

पन्नाशी उलटलेली बाई, पण घरात सगळ्यात धाकटी, म्हणून नाव बेबी पडलं ते पडलंच. चष्म्याच्या दुकानात काम करायची. चष्म्याची फ्रेम नीट करता करता तिच्या बोटांना बारीक स्क्रूंची सवय झाली होती.

"भावासाठी हवाय," ती म्हणाली. "तो रिमोटच्या गाड्या खोलतो, जोडतो."

"म्हणजे पोरांच्या?"

"पोरं नाहीत हो. भाऊ साठीला टेकलाय."

दुकानदाराने सवयीने धिप्पाडाला पुढे केलं. "मग हा न्या. दगडात घुसेल."

"दगडात कुठे घुसायचंय! प्लास्टिकमध्ये बसायचंय." तिने पर्समधून कागदाची पुडी काढली. आत दोन काळे स्क्रू होते, नखाएवढे, डोक्यावर षटकोनी खाच. "जास्त जोर लागला की आतले आटे जातात. मग तो अख्खा भागच टाकून द्यावा लागतो. याच्या खाचेत घट्ट बसणारं टोक हवं. आणि सावकाश फिरणारा हवा."

एकेक करून तिने सगळ्यांना हातात घेतलं. एकाचं बटण फार कडक निघालं. दुसऱ्याचं बटण मऊ, पण तो असा सुसाट सुटला की ती दचकली. "हा तर घास न चावता गिळतोय," म्हणून तिने तो बाजूला सारला. शेवटी कोपऱ्यातून मला उचललं आणि एक विचित्र गोष्ट केली. बोटं न वाकवता मला नुसतं तळहातात अडकवलं आणि अंगठ्याच्या बुडाने बटण दाबून पाहिलं. मी फिरलो.

दुकानदार हसला. "अहो ताई, असं कुणी धरतं का?"

"धरतं," ती म्हणाली.

दुकानदाराने हसू आवरलं. मग तो खोकं शोधायला गेला.

घरी पोचल्यावर मला कळलं, असं कोण धरतं ते. तिच्या भावाच्या, म्हणजे दादांच्या, हाताचे सांधे सुजलेले होते आणि बोटं सगळी एका बाजूला कललेली, वाऱ्याने वाकलेल्या गवतासारखी. उमेदीची सगळी वर्षं ते लिफ्टचे मेकॅनिक होते. हे संधिवाताचं दुखणं लागलं आणि कंपनीने त्यांना टेलिफोनपाशी बसवलं. लोक लिफ्टमध्ये अडकले की यांना फोन करत, आणि हे दुसऱ्या कुणाला तरी तिकडे पाठवत. त्याचं त्यांना फार लागलं होतं, पण बोलायचे नाहीत. बोलायचे ते गाड्यांबद्दल.

मागच्या खोलीत एक लांब टेबल होतं. त्यावर मोठ्या चाकांचे ट्रक, बुटक्या गाड्या, उघडे गिअरबॉक्स, एका वाटीत लोहचुंबकाला चिकटलेले स्क्रू. रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या मैदानात दादा आणि त्यांचे दोस्त गाड्या पळवत. मातीचे चढ, खड्डे, चिखल. "जन्मभर वर-खाली केलं," दादा म्हणायचे, "आता जरा आडवं जाऊ दे." मग आठवडाभर त्या गाड्या खोलायच्या, माती काढायची, तेल द्यायचं आणि परत जोडायच्या. एकेका ट्रकला इतके स्क्रू, की धडधाकट माणसाचंही मनगट भरून येईल. दादांना आताशा एक चाक काढेपर्यंत घाम फुटायचा.

बेबीताईने मला त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"मास्तरने आणला होता एकदा असला," ते म्हणाले. मास्तर म्हणजे त्यांचा मैदानावरचा दोस्त, शाळेत चित्रकला शिकवणारा. "घुर्र केलं आणि माझ्या ट्रकच्या चेसीचे, खालच्या सांगाड्याचे, आटे खाल्ले. स्क्रू बसला हे बोटांना कळतं, बेबी. या नळकांड्याला काय कळणार?"

"शेवटचा पाव फेरा तुझा. त्याच्या आधीचे सगळे याचे."

"आणि मला नको असेल तर?"

"मग राहू दे. मी दाराच्या कड्या घट्ट करेन त्याने."

ती स्वयंपाकघरात गेली. दादांनी मला जवळ ओढलं. मग स्क्रू भोकात ठेवून पहिले दोन आटे त्यांनी हातानेच धरवले, दात खाऊन. मला तळहातात अडकवलं, कडं सगळ्यात लहान आकड्यावर ठेवलं आणि अंगठ्याच्या बुडाने दाबलं. मी जपून, सावकाश फिरलो आणि स्क्रू टेकता टेकता कट्‌कट् करून थांबलो. दादांनी आपला जुना पाना घेऊन उरलेला पाव फेरा दिला.

"हं," ते म्हणाले.

बेबीताई दारातच उभी होती. "काय रे, हं म्हणजे काय?"

"हं म्हणजे हं. चहा टाक."

तिथून माझे चांगले दिवस सुरू झाले. दादा माझ्याशी बोलायचे. "चल रे बाबा, लाग कामाला," असं म्हणून उचलायचे आणि काम झालं की कपड्याने पुसायचे. कधी त्यांचा डोळा चुकवून मास्तर मला घ्यायला लागले, की ओरडायचे, "अरे, त्याला हात लावू नको, तो माझ्या हाताचा आहे!" माणसं वस्तूंना आपलं म्हणतात, ते बहुतेक मालकीपोटी. दादा म्हणायचे तेव्हा ते मला नात्यासारखं वाटायचं.

पण दुखणं काही थांबून राहिलं नाही. आधी तो पाव फेरा गेला. पाना त्यांच्या हातातून निसटायला लागला, मग पाव फेरा बेबीताई देऊ लागली. पुढे मला धरणंही जमेना. मी टेबलावर पडायचो, घरंगळायचो, आणि दादा मला उचलायला वाकले की त्यांची पाठ धरायची. मग मीही बेबीताईच्या हातात गेलो.

आता ती करायची आणि दादा सांगायचे. कामावरून आली की चहा घेऊन ती थेट मागच्या खोलीत यायची. दादा आपला तळहात तिच्या मनगटावर ठेवायचे. स्क्रू बसत आला की तिच्या मनगटातून त्यांना ते कळायचं. "बस," म्हणायचे. ती थांबायची. मला तेव्हा एका कामाला दोन माणसांचे हात मिळून लागायचे, आणि खरं सांगतो, इतका नीट स्क्रू मी कधी बसवला नव्हता.

तरी भांडण झालंच. दादांच्या सगळ्यात लाडक्या ट्रकचं काम चाललं होतं. त्या दिवशी बेबीताई दमून आली होती. कुणी गिऱ्हाइकाने दुकानात तिला नाही नाही ते ऐकवलं होतं. तिने दादांच्या हाताची वाट न बघता माझं कडं पुढच्या आकड्यावर नेलं आणि दाबून धरलं. मी थांबलो नाही. तेवढ्या जोरावर थांबायला मला सांगितलेलंच नव्हतं. आत कर्र झालं आणि स्क्रू नुसताच गोल फिरायला लागला. आटे गेले.

"हात आहेत का खुरपी?" दादा कडाडले.

"माझे निदान चालतात तरी!"

शब्द तोंडातून गेला आणि तिने ओठ घट्ट मिटले. दादांनी आपले दोन्ही हात टेबलाखाली घेतले. लपवावेत तसे. त्यानंतर किती तरी दिवस मागच्या खोलीत कुणी दिवासुद्धा लावला नाही. जेवायला एकत्र बसायचे, पण भांड्यांचाच आवाज यायचा.

मग एका संध्याकाळी ती केर काढायला खोलीत आली असताना दादा मागोमाग आले. नाकावरचा चष्मा काढून तिच्यापुढे धरला.

"याच्या दांडीचा स्क्रू ढिला झालाय वाटतं."

तिने दांडी हलवून पाहिली. काही ढिलं नव्हतं. तिलाही कळलं, मलाही कळलं. तिने बाहेरून पर्स आणली, तिच्यातला दुकानातला बारका स्क्रूड्रायव्हर काढला, उगाच थोडा फिरवल्यासारखं केलं आणि चष्मा पदराने पुसून त्यांच्या हातात दिला.

"आता नाही हलणार," ती म्हणाली.

"तो ट्रक काढ मग," दादा म्हणाले. "चेसी नवी बसवू. तुझ्या खुरप्यांनीच."

ती हसली आणि रडलीही. ट्रक टेबलावर आला. सगळा खोलायला घेतला, एकेक भाग वेगळा करून ठेवला. नवी चेसी मास्तर घेऊन येणार होते. दादांना मधेमधे खोकला लागायचा, बोलताना धाप लागायची, पण तिकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. हवा बदलली असेल, असं दोघंही म्हणत राहिले.

ती हवा नव्हती. जे दुखणं सांध्यांना लागलं होतं तेच फुप्फुसात उतरलं होतं. एका सकाळी त्यांना बसल्या जागी श्वास घेता येईना. बेबीताईने आणि शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून त्यांना गाडीपर्यंत नेलं. जाताना त्यांची मान मागच्या खोलीकडे वळली. "स्क्रू हलवू नको," ते म्हणाले. "जसे ठेवलेत तसे राहू दे. आल्यावर जोडू."

चेसी आली. दादा आले नाहीत.

नंतर घरात माणसं येत-जात राहिली. मग तीही थांबली. एके दिवशी मास्तर आले. बेबीताईनेच बोलावलं होतं. "गाड्या घेऊन जा," ती म्हणाली, "मैदानावर पळू देत. इथे धूळ खाऊन काय होणार?" मास्तरांनी एकेक गाडी जुन्या चादरीत गुंडाळली. खोललेल्या ट्रकपाशी येऊन ते थांबले.

"हा मी जोडून देऊ? एका रविवारचं काम आहे."

"नको. राहू दे तसाच."

"अहो, पण..."

"त्याने सांगितलंय, हलवू नको."

मास्तरांनी चष्मा पुसला. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. बेबीताईने मला उचललं, माझी वायर माझ्याभोवती गुंडाळली आणि पुढे केलं. मास्तरांनी हात लांबवला. मी तिच्या बोटांत होतो, आणि ती बोटं उघडेनात. मास्तरांनी हात मागे घेतला आणि चादरीचं गाठोडं उचलून ते निघून गेले.

आज मी त्याच टेबलावर आहे. समोर खोललेला ट्रक, बाजूला प्लास्टिकच्या पिशवीतली नवी चेसी. स्क्रू आहेत तिथे आहेत. माझ्या अंगावरचा रंग बटणापाशी उडालाय, पण आतून मी धड आहे. बॅटरी पडून राहिली की मरते, हे बेबीताईला ठाऊक आहे. म्हणून ती मला न चुकता चार्ज करते. हिरवा दिवा लागला की वायर काढते. पूर्ण भरलेला मी, आणि वळवायला एक स्क्रू नाही.

तुम्ही माझं ऐकत असाल तर तिला एवढंच सांगा. तिला मी बोल लावत नाही, माणसाला धरून ठेवायला काहीतरी लागतं. पण मी जतन करायची वस्तू नाही. मला तिने एका हातासाठी निवडलं, पुष्कळ बघून, पुष्कळ पारखून. तो हात गेला. जगात दुखरे हात अजून असतील. कुणाला तरी द्या मला. नाहीतर तिनेच एकदा बसावं आणि हा ट्रक जोडावा. चुकला तर चुकला. आटे गेले तर गेले. ओरडायला आता कुणी नाही, हेच तिला नको असेल, तेही मला समजतं.

कालही ती आली. वायर काढली. खुर्ची ओढून बसली. मला तळहातात घेतलं, बोटं न वाकवता, आणि अंगठ्याच्या बुडाने दाबलं. मी फिरलो. समोर स्क्रू नव्हता, प्लास्टिक नव्हतं, नुसती हवा. हवेत मला टेकायला काही मिळत नाही, म्हणून मी कुठे थांबावं ते मला कळत नाही. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मीही फिरत राहिलो, ती अंगठा उचलेपर्यंत.