भाईदासला केळं चालत नाही

तापीकाठी भाईदासची नऊ हजार खोडांची केळीची बाग होती. सकाळच्या चहाआधी दोन केळी, जेवणानंतर एक, आणि बागेत कटाई चालू असली की मोजायचं कुणी? बावन्न वर्षांत हा माणूस अर्धा केळ्याचा बनलाय आणि अर्धा हट्टाचा, असं त्याची बायको लक्ष्मी म्हणायची.

मग एका दिवाळीनंतर त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. अंगावर निळे डाग उठले. शेजारणी लक्ष्मीला हळूच विचारायला लागल्या, की बाई, तू नवऱ्याला मारतेस का? बऱ्हाणपूरच्या डॉक्टरनं रिपोर्ट दोनदा वाचला आणि थेट इंदूरला पाठवलं. तिथल्या हिमानी मॅडम वयानं भाईदासच्या पोरीएवढ्या दिसायच्या, पण बोलायला एकदम सरळ.

"तुमच्या हाडांतला मगज सुकलाय, काका. रक्त बनवणारा कारखाना बंद पडलाय. सख्ख्या भावंडाचा मगज जुळला, तर तो घालता येईल."

सख्खी भावंडं दोन. धाकटा चुडामण आधी तपासणीला गेला. जाण्यापूर्वी त्यानं मोबाईलवर स्टेटस टाकलं, 'भाईसाठी जान हाजिर.' गल्लीतल्या चौघांनी त्याला हार घातला. रक्त जुळलं दहापैकी पाच. पाठची बहीण वैजयंती नेपानगरहून कुणाला न सांगता बसनं गेली, रक्त देऊन दुपारच्या बसनं परतली आणि संध्याकाळी नवऱ्यासाठी भाकरी थापायला हजर. तिचं जुळलं दहापैकी दहा. माहेरच्या कुठल्याही बाबतीत वैजूला पैकीच्या पैकी मार्क मिळायची ही पहिलीच वेळ.

कारण माहेरी तिची ख्याती एकच होती, नखरेल. केळ्याच्या घरात जन्मून ही पोरगी केळं खात नव्हती. तोंड खाजतं म्हणे, घसा आवळतो म्हणे. बापानं, गिरधर अण्णांनी, आधी समजावलं, मग दटावलं, मग दोन ठेवून दिल्या. शेवटी बागवाल्या घरात हिला कोण करून घेणार म्हणून पेपर मिलमधल्या विनायकला दिली. "मिलवाल्याकडे जाऊ दे," अण्णा म्हणाले होते, "तिथं कागद खाईल."

तर त्या नखरेल बाईचा मगज एका पिशवीतून भाईदासच्या शिरेत उतरला. पिशवी पाहून तो जरा हिरमुसलाच. एवढा गाजावाजा, आणि दिसायला नुसतं पातळ रक्त! वैजू कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. हाडातून मगज काढल्यानं तिची कंबर ठणकत होती.

"कसं वाटतंय, भाऊ?"

"काहीच नाही वाटत."

"माझं काहीच तुले कधी नाही वाटलं," ती म्हणाली आणि आडवं व्हायला निघून गेली.

तिसऱ्या महिन्यात भाईदासच्या अंगावर लाल चट्टे आले, तोंडात फोड आले. हिमानी मॅडम म्हणाल्या, घाबरू नका, नव्या पेशींना तुमचं शरीर परकं वाटतंय म्हणून त्या भांडतायत, औषध वाढवू. लक्ष्मीला हे लगेच पटलं. नणंद राहायला आली की पहिले दोन महिने कुरबुर व्हायचीच. हळूहळू चट्टे गेले. भाईदासचा रक्तगट बी होता, तो वैजूचा ओ झाला. फार्मसी शिकणारी त्याची पोरगी तेजस्विनी रिपोर्ट नाचवत म्हणाली, "पप्पा, टेक्निकली अब आपके अंदर आत्याच राहतेय. रेंट मागेल हं ती!"

या सगळ्यात एकच गोष्ट भाईदासच्या जिव्हारी लागली होती. पेशींचं भांडण दाबायच्या औषधानं रक्तातलं पोटॅशियम वाढतं, म्हणून मॅडमनी केळं बंद केलं होतं. नऊ हजार खोडांचा मालक वर्षभर सफरचंदाच्या फोडी उकडून खात होता. दुसऱ्याच्या बागेचा टेम्पो रस्त्यानं गेला तरी तो मान वळवून बघायचा.

मार्चमध्ये ते औषध एकदाचं बंद झालं. त्यानंतरच्या रिपोर्टला मॅडम म्हणाल्या, "आता खा काका, केळं खा." भाईदासनं घरी यायची वाटही पाहिली नाही. गाडी परस्पर बागेकडे घ्यायला लावली, घडावरून पिकायला आलेली फणी काढली आणि बांधावर बसला. लक्ष्मी सोबत होती, कटाईची माणसं भोवती जमली होती. एकानं टाळ्याही वाजवल्या.

पहिलं केळं संपलं तेव्हा जिभेला मुंग्या आल्या. भाईदासला वाटलं, आनंदानं येत असतील. दुसरं निम्मं झालं तेव्हा ओठ जड झाला, कान तापले, गळ्यात कुणीतरी आतून बोट घातल्यासारखं झालं. अंगावर गांधी उठल्या, पावलीएवढ्या. तो काहीतरी बोलला, पण ते "फँ फँ" असं ऐकू आलं.

"अहो, तोंड बघा तुमचं!" लक्ष्मी किंचाळली.

तोंड बघायला आरसा नव्हता, पण माणसांचे चेहरे बघून त्याला अंदाज आला. ज्या गाडीनं आला त्याच गाडीत त्याला आडवं घातलं आणि दवाखान्यात नेलं. मांडीत इंजेक्शन बसलं, नाकाला नळी लागली, आणि तासाभरानं ओठ माणसात आले.

लक्ष्मीनं इंदूरला फोन लावला. मॅडमना आधी पेशींच्या जुन्या भांडणाचीच शंका आली. पण किती मिनिटांत झालं, काय खाल्लं होतं, हे ऐकल्यावर त्यांनी वेगळंच विचारलं.

"काका, बहिणीला केळं चालतं का?"

फोन स्पीकरवर होता. लक्ष्मीनं भाईदासकडे पाहिलं. भाईदासनं छताकडे पाहिलं.

"नाही चालत," लक्ष्मी म्हणाली. "पण ते तिचे... म्हणजे आम्ही समजायचो नखरे."

"नखरे नाहीत. अ‍ॅलर्जी आहे. मगजासोबत ती काकांच्या अंगात आलीय. कधीकधी होतं असं. बहिणीच्या पेशींना केळं शत्रू वाटतं, आणि काकांकडे आता दुसऱ्या पेशीच नाहीत. आतापर्यंत औषधानं झाकलं गेलं होतं. हे मी आधीच विचारायला हवं होतं." मग म्हणाल्या, "दोघांना घेऊन या. तपासू."

दोघांनी इंदूरला जाऊन रक्त दिलं. आठवड्यानं कागद घ्यायला दोघं पुन्हा तिथं गेले. केळ्याच्या रकान्यात बहीण-भावाचे आकडे जवळजवळ सारखे, आणि दोन्ही भरभक्कम. वैजयंतीनं कागद वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि परतीच्या वाटेवर आसीरगड मागे पडेपर्यंत तीनदा काढून पुन्हा वाचला. मग हसायला लागली. पदर तोंडात कोंबून हसली, ड्रायव्हरनं आरशातून बघितलं तरी थांबली नाही.

"केळेवाला भाईदास!" ती म्हणाली. "अरे देवा, केळेवाला भाईदास!"

भाईदासला वाटलं, चला, हसण्यावारी गेलं. तो चुकत होता.

दुसऱ्या दिवशी गोदाकाकू तब्येत बघायला आल्या. गिरधर अण्णांच्या मागे घरात त्याच मोठ्या. वय ऐंशीच्या पुढे, दात चार, आवाज मात्र शाबूत. त्यांनी येताना मुद्दाम केळी आणली होती. वैजयंती अजून माहेरीच होती. ती चहा घेऊन आली तेव्हा काकू केळं सोलत होत्या.

"खाय रे," त्यांनी भाईदासपुढे धरलं. "अर्ध्यानं काय होते?"

"काकू, नाही चालत मले."

"कालपर्यंत तर चालत होतं!"

"काल वेगळं होतं. आता गळा सुजतो."

"डॉक्टरणीनं मनात भरवलं तुह्या," काकू म्हणाल्या. "मनावर घेतलं का सुजणारच. डोळे मिट अन् देवाचं नाव घेऊन खाय. बायकी रक्त भरलं अन् बायकी नखरे लागले तुले."

भाईदासनं काकूंचा हात दूर सारला. आपण जीव जायच्या बेतात दवाखान्यात पोचलो होतो, मांडीवर सुईचा डाग आहे, खिशात पुन्हा सुजलं तर टोचायचं इंजेक्शन आहे, आणि तरी ही बाई आपल्याला खोटं पाडतेय. पुरावा दाखवायचा म्हटलं तर तिच्यासमोर केळं खाऊन मरावं लागेल. त्यानं वैजूकडे पाहिलं. ती चहाचा ट्रे घेऊन शांतपणे उभी होती. हा सगळा संवाद तिला पाठ होता. तिची मदतीला यायची अजिबात घाई दिसत नव्हती.

"काकू," भाईदास म्हणाला, "तो आमरस आठवतो? वैजू नऊ वर्षांची होती तेव्हा."

"जो पिऊन हिचं तोंड भोपळ्यासारखं झालं तो? आठवतो ना. तवापासून आंब्याचे बी नखरे सुरू झाले हिचे."

"त्याच्यात केळं होतं."

ट्रेमधल्या कपबशा किणकिणल्या.

"मी अन् चुडामणनं पैज लावली होती," भाईदास घाईघाईनं बोलू लागला, थांबलो तर पुन्हा जमणार नाही असं त्याला वाटत होतं. "कळलं नाही तर हिले काहीच होणार नाही, असं मी म्हटलं. दोन केळी कुस्करून हिच्या वाटीत घातली. ही सुजली, अन् अण्णांनी हिलेच मारलं, आता आंब्याचंही नाटक करते म्हणून. मी दाराआड उभा होतो. बोललो नाही. नंतर बोलायला तोंड राहिलं नाही."

लक्ष्मी आतून येऊन दारात थांबली होती. वैजयंतीनं ट्रे खाली ठेवला. अगदी हळू ठेवला, थेंबही सांडला नाही.

"म्हणजे आंबा चालतो मले?"

भाईदासनं मान डोलावली.

"लग्नात, बारशात, सासरी, दरसाल मे महिन्यात लोकं रस ओरपतात अन् मी वरण-पोळी खाते. विनायक बिचारा माझ्यासमोर आंबा खात नाही. तीस वर्षं झाली, चोरून खातो तो, मिलच्या कँटीनमध्ये! अन् तुले माहीत होतं?"

"हो."

"मगज दिला तेव्हाही?"

"तेव्हा तर जास्तच आठवत होतं."

तिनं गोदाकाकूंच्या हातातलं सोललेलं केळं काढून घेतलं. भाईदास खुर्चीत मागे सरकला, ती ते आपल्याच तोंडात कोंबणार असं त्याला खरंच वाटलं. पण तिनं ते खिडकीतून बाहेर फेकलं. बाहेर कुणीतरी शिवी दिली. मग ती पिशवी उचलून नेपानगरच्या बसला गेली आणि महिनाभर तिनं फोन उचलला नाही. गोदाकाकू जाताना एवढंच म्हणाल्या, "केळं फेकू नये बाई, अन्नात लक्ष्मी असते." त्या नक्की कुणाची बाजू घेत होत्या, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

मे महिन्यात भाईदास स्वतःच नेपानगरला गेला. आधी हिमानी मॅडमना विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, आंब्याच्या रकान्यात दोघांचंही काही नाही, तरी पहिल्यांदा थोडा द्या आणि इंजेक्शन जवळ ठेवा. त्यानं दोन डझन आंब्यांची पेटी, सुरी आणि दोन इंजेक्शनं नेली. दार विनायकनं उघडलं, आंबे बघितले आणि एकदम गडबडला, जणू पकडला गेला होता.

वैजयंती ओट्याशी होती. तिनं भावाकडे पाहिलं, मग पेटीकडे, आणि पाट ओढून बसली. भाईदासनं आंबा कापला. तिनं नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला आणि घड्याळाकडे बघत बसली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. विनायक इंजेक्शन हातात धरून उभा होता, उलटं धरलं होतं. काही झालं नाही. मग तिनं काप घेतला, मग दुसरा. मग सुरी बाजूला सारून आख्खा आंबा दोन्ही हातांनी चोळून मऊ केला, तोंडाला लावला आणि कोय पांढरी होईपर्यंत सोडला नाही. मध्येच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. विनायक धावला, तर म्हणाली, "सुजलं नाही काही. बसा तुम्ही. खा समोर बसून."

भाईदास कापत राहिला. माफीबद्दल त्यानं विचारलं नाही, तिनंही विषय काढला नाही. पाचव्या आंब्याला तिनं तोंड वाकडं केलं.

"हा आंबट निघाला, भाऊ. दुसरा काप."