रिषभावर थांबणारी धून

दिल्लीत सॅक्सोफोन म्हटलं की लोकांना लग्नाचा बँड आठवतो, हे उत्तराला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. म्हणूनच तिने हा घाट घातला. एका युरोपियन संगीतकाराने चिनी लोकधुनांवरून व्हायोलिनसाठी बांधलेली जुनी रचना तिने सॅक्सोफोनसाठी उतरवली. व्हायोलिनला दम लागत नाही, माणसाला लागतो. श्वास कुठे घ्यायचा हे ठरवण्यातच हिवाळा गेला. मंडी हाउसच्या मैफलीसाठी निवड झाली, तर रचनेखाली पहिल्यांदा तिचं नाव छापून येणार होतं.

मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये शेजारच्या खोलीत तिचे बाबा, श्रीरंगराव. केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेले, लेकीला सारेगम त्यांनीच शिकवलेलं.

"हा तर बिल्कुल भूप राग आहे," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. स्वर पाचच, तेही भूपाचेच. त्यात त्यांचं चुकलं नव्हतं. पण मूळ धून 'सा'वर न परतता रिषभावर, म्हणजे 'रे'वरच येऊन थांबत होती, आणि ते काही त्यांना पचेना.

"षड्जावर ये गं. पाहुण्याला दारातच उभं ठेवल्यासारखं वाटतं."

"बाबा, त्या धुनेचं घर तिथेच आहे."

"सुराला घर एकच."

रोज चहाला तेच टुमणं. शेवटी तिने अखेरचे स्वर बदलले. पटलं म्हणून नव्हे, कंटाळून. आणि याचाच तिला पुढे जास्त राग आला.

निवड करणाऱ्या बाईंनी शेवटचं पान दोनदा वाचलं.

"मेहनत बहुत की है. लेकिन एंडिंग क्यूँ बदली? सारी बात वहीं थी. अब तो ये भूपाली हो गया."

बाबांनी सांगितलं म्हणून, असं चाळिशी उलटलेल्या बाईने कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"मुझे ठीक लगा," उत्तरा म्हणाली. कागद तिच्या हातात परत आले.

घरी बाबा वाट बघत बसलेच होते. "काय म्हणाले? शेवट ऐकला ना?"

"शेवटाबद्दलच बोलल्या."

"अच्छा. मी सांगत होतो तुला." त्यांचा चेहरा उजळला. "मग खाली माझंही नाव घाल की."

निवड झाली का, हे त्यांनी विचारलंच नाही. तिने पेन घेतलं, आपलं नाव खोडलं, तिथे त्यांचं लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे ठेवले.

"अगं, माझ्या एकट्याचं कशाला?" ते सुखावून म्हणाले.

"असू दे. आता ती तुमचीच आहे," ती म्हणाली, आणि आपल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. आत जाईपर्यंत ते भूप गुणगुणायला लागले होते.