घोट्यावरचा पट्टा

शिंपीकाकांचं उभं आयुष्य बसून गेलं होतं. हात कापडावर, पाय शिलाईयंत्राच्या पायट्यावर. म्हणूनच दवाखान्याने साखरेच्या पेशंटांना पावलं मोजणारे पट्टे दिले, तेव्हा काकू म्हणाल्या, "यांची पावलं मोजायला यंत्र कशाला? माझी बोटं पुरतील."

मनगटावरचा पट्टा सारखा कापडात अडकायचा. काकांनी तो घोट्यावर बांधला, वर मोजा ओढला आणि विसरून गेले. पायटा खाली-वर, पट्टा खाली-वर, आणि दवाखान्यात आकडे भरभर वर.

महिन्याने तपासणीला निघाले तेव्हा काकूंनी दारातच बजावलं, "अहो, परवा पायावर कढत पाणी सांडलं आणि तुम्ही आपले शीळ घालताय! पाय दाखवल्याशिवाय घरी येऊ नका."

डॉक्टरीणबाईंचे डोळे पडद्यावर खिळले होते. "काका, रोज एकवीस हजार पावलं! माझ्या पेशंटांत तुमचा पहिला नंबर."

काकांना जन्मात पहिल्यांदा पहिला नंबर मिळत होता. ते लाजले, गालात हसले. मग हळूच म्हणाले, "पायाचं जरा सांगायचं होतं."

"इतकं चालल्यावर दुखणारच."

"दुखत नाही हो. तेच तर सांगतोय."

"दुखत नाही? मग उत्तमच!" बाईंनी पडद्यावर 'पाय ठीक'च्या चौकटीत खूण केली. "आता तीन महिन्यांनी या. नाहीतर फोनवरच बोलू."

काका उठले, दारापर्यंत गेले. बंद दाराआड कंबरेवर हात ठेवून काकू उभ्या असाव्यात, असं त्यांना वाटलं. ते माघारी फिरले.

"बाई, एवढी पावलं मी उभ्या जन्मात टाकली नाहीत."

"मग हे आकडे कुठले?"

काकांनी चप्पल काढून मोजा खाली सरकवला. घोट्यावरचा पट्टा पाहून, पायट्याची हकीकत ऐकून बाई खुर्चीतच हसत सुटल्या. हसतहसत जवळून पाहायला टेबलाला वळसा घालून आल्या.

मोजा मात्र टाचेपुढे निघेना. काकांनी जोर लावला.

"थांबा!"

बाई खाली बसल्या. हसू कुठल्या कुठे पळालं होतं. टाचणीने मोजा तळव्याशी टाचला होता. भोवती रक्ताचा वाळका ठिपका.

"काका, ही टाचणी कधीपासून?"

"कुठली टाचणी?"

बाईंनी टाचणी काढली, जखम धुतली, कढत पाण्याने भाजलेल्या जागी मलम लावलं. काकांचं पाऊल मांडीवर घेऊन, त्यांना डोळे मिटायला सांगून, एकेका बोटावरून कापूस फिरवला. "कळतंय?" दोन बोटांना कळत होतं, तीन बोटांना नाही. मघाशी केलेली खूण बाईंनी पुसली, औषध बदललं, चपलेशिवाय यंत्रावर बसायचं नाही म्हणून दटावलं. "दर आठवड्याला यायचं. आधी पाय बघणार, मग पडदा."

घरी काकू उंबऱ्यातच होत्या. "दाखवला?"

"दाखवला," काका उदास होऊन म्हणाले. "पण पहिला नंबर गेला."

"जाऊ दे तो," काकूंनी त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं. "पाय राहिला ना?"