सहाव्या भागापासून पुढे

“‘...आणि पुलाखालची ती माणसं, ज्यांची सावली पडत नव्हती, एकेक करून उठून उभी राहिली.’ ऐकतेस ना?”

“हो,” बायको म्हणाली.

“थकलीस का? थांबू?”

“हो.”

“की वाचू अजून एक पान?”

“हो.”

मिस्त्रींनी अजून एक पान वाचलं. झटका येऊन गेल्यापासूनच्या सात महिन्यांत बायकोची उजवी बाजू काही परत आली नव्हती, आणि सगळ्या भाषेतून तिच्याकडे एवढा एकच शब्द उरला होता. तो ती नव्या नवरीसारखा हळूच म्हणायची.

मिस्त्री म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे. अक्षरशत्रू नव्हते, पण पुस्तकाच्या वाटेला कधी गेले नव्हते. वाचनाचं वेड बायकोचं. शाळेच्या कचेरीत जाता-येता बसमध्ये ती एकामागून एक पुस्तकं फस्त करायची. त्यातही ही नऊ भागांची मालिका तिच्या जिवाभावाची. एका मोठ्या शहरात पाण्याचे मीटर तपासत हिंडणारी एक बाई. तिला, आणि फक्त तिलाच, त्या शहरात राहणारी दुसरी माणसं दिसतात. पुलाखालची, गटारातली, जिन्याच्या वळणावरची. सहाव्या भागाच्या एकशे बाराव्या पानावर बसचं तिकीट खुणेला घालून बायको भाजी चिरायला उठली आणि ओट्यापाशीच कोसळली. दवाखान्यातून घरी आणल्यावर मिस्त्रींनी तिकीट काढलं आणि तिथूनच पुढे वाचायला घेतलं.

सकाळची पाळी करून ते दोनला घरी येत. तोवर शेजारच्या काकू बसत. काकू गेल्या की खुर्ची पलंगाला लावून तासभर वाचन. पहिले पहिले जोडाक्षराला ठेच लागायची. सातव्या भागात कथा एका जुन्या इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात शिरली. तिथे म्हणे एक म्हातारा राहतो आणि वरच्या मजल्यांवरची भांडणं खाऊन जगतो. मिस्त्रींनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं.

“एकतीस वर्षं उतरतोय मी खड्ड्यात. ग्रीस, झुरळं आणि लोकांच्या पडलेल्या किल्ल्या. म्हातारा-बितारा कुणी नाही हं! आणि भांडणं खाऊन जगत असता, तर आपल्या घरी बाळसं धरलं असतं त्यानं.”

बायको अर्ध्या तोंडाने हसली. मिस्त्रींना दिवस कारणी लागल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात उतरताना मात्र त्यांनी विजेरी एकदा कोपऱ्यात फिरवून घेतली.

वाचा सुधारायला येणाऱ्या मॅडमना त्यांनी हे सगळं कौतुकाने सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि पिशवीतून चित्रं काढून पलंगावर मांडली. कप, कंगवा, किल्ली.

“कंगवा दाखवा बरं.”

बायकोने किल्लीवर बोट ठेवलं.

“आज बाहेर बर्फ पडतंय का?”

“हो.”

“तुम्हाला चार हात आहेत?”

“हो.” आणि ती हसली.

मॅडम मिस्त्रींना घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या. “काका, त्यांचं बोलणं गेलंय एवढंच तुम्ही धरून चाललात. समजणंही गेलंय. आवाज पोचतो, चेहरा पोचतो. शब्दांचा अर्थ नाही पोचत.”

“अहो, पण ती हसते बरोबर जागेवर!”

“तुम्ही हसता, म्हणून हसतात.”

“मग आता? औषध बदललं तर?”

मॅडम दाराकडे वळल्या. चपला घालताना एवढंच म्हणाल्या, “सात महिने झालेत, काका.”

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी कामाच्या पिशवीतून लिफ्टची माहितीपुस्तिका काढली आणि मीटरवाल्या बाईच्या आवाजात वाचायला लागले. “‘दोरातल्या तारा तुटलेल्या आढळल्यास दोर त्वरित बदलावा!’” आवाज चढवला, मग कुजबुजले, “‘ब्रेकची झीज दर महिन्याला तपासावी.’” आणि मुद्दाम हसले.

बायको हसली.

“आवडलं?”

“हो.”

त्यांनी पुस्तिका मिटली. कितीतरी वर्षं जेवताना ती त्यांना पुस्तकांतल्या गोष्टी सांगत आली होती आणि ते ताटात बघून ‘हं’ म्हणत आले होते. एकदा तिने मध्येच विचारलं होतं, “काय सांगत होते मी, सांगा बघू?” ते म्हणाले होते, “काय असणार? झालं असेल सगळं नीट.” त्यानंतर तिने सांगणं सोडलं. या मालिकेचे पहिले पाच भाग त्यामुळे त्यांना ठाऊकच नव्हते. ती बाई पूल ओलांडताना डोळे का मिटून घेते, हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं. ते जिला माहीत होतं, ती समोर पडून होती.

चार दिवस पुस्तक उघडलं नाही. पाचव्या दिवशी लेकीचा परगावाहून फोन आला. तिला त्यांनी सगळं सांगितलं.

“मग बंद केलंत वाचन?”

“पालथ्या घड्यावर पाणी गं.”

“बाबा, मी येऊ का? सुट्टी टाकते.”

“येऊन काय करशील?” ते म्हणाले. त्यांना तसं तोडून म्हणायचं नव्हतं.

फोन ठेवून ते खुर्चीत बसले. बायको त्यांच्याकडे बघत होती. बघता बघता त्यांनी आठवा भाग हातात घेतला. तिच्यासाठी म्हणून नव्हे. पुलाखालच्यांचं पुढे काय झालं, हे आता त्यांनाच हवं होतं. मनात वाचायची सवय नव्हती, म्हणून मोठ्यानेच वाचलं.

नववा भाग रविवारी दुपारी संपला. नदीकाठची वस्ती वाचवायची, तर मीटरवाल्या बाईला ती माणसं दिसण्याची आपली दृष्टी देऊन टाकावी लागते. ती देते. शेवटच्या पानावर ती साध्या माणसासारखी पुलावरून जाते, खालून तिची माणसं तिला हाका मारत असतात, आणि तिला वाटतं, वारा सुटलाय.

मिस्त्रींनी पुस्तक मिटून पलंगावर ठेवलं. एवढं पुस्तक संपल्यावर कुणाशी तरी भांडायलाच हवं होतं.

“हे काही खरं नाही. एकदा तरी भेटू द्यायचं होतं. नाही का?”

“हो.”

“की हेच बरं झालं? वस्ती तरी वाचली.”

“हो.”

“अगं, दोन्ही कसं बरोबर असेल!” ते ओरडले. तिचा चेहरा लगेच त्यांच्यासारखाच वाकडा झाला, डोळे भरले. तसे ते उठले, रुमालाने तिचा ओघळ पुसला, उशी सारखी केली. “काही नाही, काही नाही. तुला नाही बोललो.”

सोमवारी काकूंना थोडं थांबायला सांगून ते पुस्तक परत करायला वाचनालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं.

“संपली मालिका? वहिनी काय म्हणाल्या शेवटाला?”

“तिचं नाही काही म्हणणं.”

“दहावा निघतोय म्हणे पुढच्या वर्षी. मागणी खूप आहे, आत्ताच नाव लिहून ठेवा. वहिनींच्या नावावर लिहू, की तुमचं खातं काढायचं?”

“तिच्याच,” मिस्त्री म्हणाले. “तिचंच लिहा.”

बाईंनी यादीत अकराव्या ओळीवर नाव लिहिलं. मिस्त्रींनी चष्मा लावून ते वाचलं. वेलांटी चुकली होती, ती त्यांनी दुरुस्त करून घेतली, आणि काकूंना उशीर नको म्हणून ते लगबगीने घरी निघाले.