तपासले, बरोबर आहे

मी एक जुना शिक्का आहे, मित्रांनो, लाकडी मुठीचा. लातूरच्या गंजगोलाईतल्या एका टपरीवर माझं रबर कोरलं गेलं : 'तपासले. बरोबर आहे. बसलिंगप्पा, कर सल्लागार.' तेव्हापासून अप्पांच्या टेबलावर माझा काय रुबाब होता म्हणून सांगू! रेणापूर-औशाचे दुकानदार पावत्यांचे गठ्ठे घेऊन यायचे आणि मी उमटलो की निर्धास्त घरी जायचे.

अप्पा स्वतःच्या फीचं बिल कधीच करत नसत. पाडव्याला वहीपूजन झालं की दुकानदार नारळासोबत पाकीट ठेवून पाया पडत, तीच वर्षाची फी. पुढे दुकानं वाढली, पाकिटं जाड झाली, जीएसटी नोंदणीची वर्षाला वीस लाखांची मर्यादा केव्हाच ओलांडली. सल्ला देणं हीसुद्धा सेवाच. त्या मर्यादेपुढे शंभराला अठरा रुपये कर, निम्मा राज्याचा, निम्मा केंद्राचा. अख्ख्या बाजाराला हे शिकवलं ते अप्पांनीच.

"अप्पा, आपली स्वतःची नोंदणी?" त्यांची मुलगी शिवानी दरवर्षी विचारायची.

"पाकीट म्हंजे मान हाय, पोरी. मानावर कसला कर?"

मला मात्र धडकी भरायची. कारण तेच पाकीट अप्पा दुकानदाराच्या खर्चात 'कर सल्ला फी' म्हणून लिहीत, आणि त्या खर्चाच्या पावतीवर मलाच मारत.

यंदा औशाच्या चांदपाशांच्या सिमेंटच्या दुकानात करखात्याची तपासणी झाली. चांदपाशा सरळ माणूस. पाच वर्षांच्या पावत्या त्यांनी काढून दिल्या आणि तसेच अप्पांकडे आले. "माफ करा अप्पा. कागदावर तुमचाच ठप्पा हाय. खोटं कसं बोलू?"

"व्याज-दंड धरला तर राहतं घर जाईल," शिवानी हळूच म्हणाली. अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

चौथ्या दिवशी अधिकारी दारात आले. पावत्या समोर ठेवल्या. अप्पांच्या तोंडून निघून गेलं, "तो ठप्पा माझा न्हाई." इतक्या वर्षांत त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मला उचलण्याआधी हातातला कागद एकदा स्वतःसाठीही वाचत जा, एवढंच.

अधिकाऱ्यांनी टेबलावरून मला उचललं, शाईच्या गादीवर टेकवलं आणि कोऱ्या कागदावर दाबलं. निदान आज तरी फिसकटावं, असं फार वाटलं मला. पण मी स्वच्छ उमटलो : तपासले. बरोबर आहे.