कपाटामागचं टेबल

लहान मुलांच्या वाचनालयातली पुस्तकं म्हातारी होत नाहीत, त्याआधीच जखमी होतात. कुणी पानावर बिस्कीट ठेवून बसतं, कुणाला हत्ती आवडला की तो हत्तीच फाडून नेतो, आणि एकाच पुस्तकावर दोघांचं मन बसलं की पुस्तकाचे सरळ दोन भाग होतात. वाचनालयाच्या बाईंनी तीन वर्षं डिंक आणि चिकटपट्टीवर भागवलं. शेवटी त्यांनी हात टेकले आणि आठवड्यातून एक दिवस तरी बाइंडर द्या, असा वर अर्ज केला.

बाइंडर शनिवारी आला. पन्नाशीचा, सडसडीत, कमी बोलणारा, कामाला वाघ. त्याच्या डाव्या हाताला मात्र दोनच बोटं होती, अंगठा आणि करंगळी. मधली तीन जन्मापासूनच नव्हती.

बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांना वाटलं, शनिवारी तीस-चाळीस मुलं येतात, टक लावून बघतील, काहीतरी बोलतील, उगाच माणसाच्या मनाला लागेल. म्हणून त्यांनी त्याचं टेबल मागे, मोठ्या कपाटाच्या आड लावून दिलं. इथे तुम्हाला कुणाचा त्रास नाही, म्हणाल्या. बाइंडरने एकदा कपाटाकडे पाहिलं, एकदा वरच्या मिणमिणत्या दिव्याकडे पाहिलं, आणि दाभण, दोरा आणि खळीचा डबा मांडला.

बाईंची मुलगी ठकू पाच वर्षांची. शनिवारी तिला सुट्टी, त्यामुळे ती दिवसभर आईच्या पायात पायात. पहिल्याच दिवशी तिने कपाटामागे डोकावलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "आई, या काकांची बोटं कुठे गेली?"

बाईंनी दंडाला धरून तिला बाहेर आणलं आणि डोळे मोठे केले. असं विचारायचं नसतं, तिकडे बघायचं नसतं, परत तिकडे फिरकायचं नाही. का, असं ठकूने विचारलं तेव्हा 'नाही म्हटलं ना' एवढंच उत्तर मिळालं.

आता मोठ्यांनी उत्तर दिलं नाही, तर मुलं काय गप्प बसतात? ती आपापसात उत्तर तयार करतात. पुढच्या शनिवारी एकाने सांगितलं की काकांची बोटं त्यांच्याच सुरीने कापली गेली. त्याच्या पुढच्या शनिवारपर्यंत गोष्ट बरीच वाढली होती. जो पुस्तक फाडेल त्याची बोटं काका काढून घेतात आणि डब्यात ठेवतात, अशी सगळ्यांची खात्री झाली. कपाटाच्या बाजूला कुणी जाईना. बाईंना वाटत होतं, मुलं किती शहाण्यासारखी वागताहेत.

चौथ्या शनिवारी बाइंडरने ठकूचं आवडतं सशाचं पुस्तक नव्याने शिवलं. पाठीला निळी कापडी पट्टी लावली आणि ते द्यायला तो स्वतः बाहेर आला. पुस्तक दोन्ही हातांत धरून तो तिच्यासमोर वाकला. ठकू मागे सरकली, हात पाठीशी लपवले आणि किंचाळली, "मला नको ते! त्याला तो हात लागलाय!"

बाइंडरने पुस्तक हळूच स्टुलावर ठेवलं आणि तो आत निघून गेला.

बाई त्याच्या मागोमाग गेल्या. शरमेने त्यांना मान वर करवेना. मी तिच्या वतीने माफी मागते, म्हणाल्या. घरी गेल्यावर तिला चांगली समज देते.

"पोरीला रागावू नका, ताई," बाइंडर म्हणाला. "पहिल्या दिवशी तिने विचारलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. नुसतं कुतूहल होतं. मी सांगणार होतो, तेवढ्यात तुम्ही तिला ओढून नेलंत."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हो, काका."

"विचारल्याचं वाईट वाटत नाही. लोक विचारतात, मी सांगतो, दोन मिनिटांत विषय संपतो. लपवलं की संपत नाही. मोठी माणसं जिथून नजर वळवतात तिथे काहीतरी भयंकर असणार, हे पोरांना बरोबर कळतं." तो दोरा ओवत जरा थांबला. "आणि रागावू नका, पण हे टेबल इथे माझ्यासाठी लावलंत की तुमच्यासाठी, ते एकदा बघा."

बाईंनी एकदा त्या कपाटाकडे पाहिलं आणि त्या बाहेर आल्या.

त्या संध्याकाळी त्या ठकूला आंघोळ घालत होत्या. ठकूच्या कोपरावर रुपयाएवढा पांढरा डाग होता. वर्षापूर्वी उमटलेला. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की यात काही धोका नाही, हात लावल्याने हा कुणाला होत नाही. तरी तेव्हापासून ठकूचे सगळे फ्रॉक लांब बाह्यांचे झाले होते, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. लोकांच्या प्रश्नांना कुठे तोंड द्यायचं, म्हणून.

अंग पुसून घेताना ठकूने आपलं कोपर वळवून पाहिलं आणि विचारलं, "आई, माझ्याकडे पण बघायचं नसतं ना?"

बाई ओल्या फरशीवरच बसल्या. लेकीला टॉवेलसकट कुशीत घेतलं.

पुढच्या शनिवारी त्या लवकर आल्या. बाइंडर आल्याबरोबर त्यांनी टेबलाचं एक टोक धरलं आणि त्याला दुसरं धरायला सांगितलं. टेबल पुढच्या खिडकीशी, भरपूर उजेडात आलं.

"ते मी माझ्यासाठीच लावलं होतं," बाई म्हणाल्या. बाइंडर नुसता हसला आणि खळ ढवळायला लागला.

मुलं आली तेव्हा बाईंनी त्यांना जवळ बोलावलं. काका आता इथे बसणार, काय विचारायचं ते नीट विचारा, म्हणाल्या. मग एकाने धीर करून सुरीचं विचारलं. बाइंडर खो खो हसला. कुणी कुरळे केस घेऊन जन्माला येतं, तसा मी हा हात घेऊन आलो, म्हणाला. दुखत नाही. बुटाची नाडी बांधता यायला नऊ वर्षं लागली खरी. बरणीचं घट्ट झाकण आजही उघडत नाही, त्याला बायकोला हाक मारावी लागते. मग त्याने पुस्तकाची घडी त्या दोन बोटांच्या चिमटीत धरून सपासप टाके घालून दाखवले. मुलं इतकी पुढे सरकली की त्याला कोपर हलवायला जागा उरली नाही.

ठकू आईच्या मागे उभी होती. ती हळूहळू पुढे आली. "हात लावू?"

त्याने हात पुढे केला. तिने करंगळी धरली, मग अंगठा धरला. मग जराशाने स्वतःची बाही वर सारली. "मला इथे पांढरं आहे," ती म्हणाली. "ते पण दुखत नाही."

बाही खाली ओढायला बाईंचा हात सवयीने पुढे झाला आणि अर्ध्यावर थांबला.

एका मुलीने विचारलं, तिला हात लावला तर आपल्याला होतं का? वर्षभर बाई याच प्रश्नाला घाबरत होत्या. प्रत्यक्षात तो किती साधा निघाला!

"नाही होत, बाळा," त्या सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "बघ लावून."

त्या मुलीने बोट लावून पाहिलं, ढगासारखा आकार आहे म्हणाली, आणि पुन्हा टाके बघायला वळली. विषय दोन मिनिटांतच संपला.

रविवारी बाईंनी कात्री घेतली आणि ठकूच्या सगळ्या फ्रॉकांच्या बाह्या आखूड केल्या. चार दिवसांनी दुकानातल्या रांगेत एका आजींनी विचारलं, हे काय झालं गं कोपराला? बाई तोंड उघडणार, तोच ठकूने सांगायला सुरुवात केली. तिने इतकं सविस्तर सांगितलं की आजींचा रांगेतला नंबर गेला.

वाचकहो, माणसामाणसांतल्या वेगळेपणाची भीती मुलं जन्मतः घेऊन येत नाहीत. ती त्यांना आपण शिकवतो, आणि बहुतेक वेळा चांगल्या मनाने शिकवतो. म्हणून तुमच्या लेकराने चारचौघांत 'हे असं का' म्हणून विचारलं, तर त्याला गप्प करू नका. प्रेमाने, खरं खरं उत्तर द्या. ऐकणाऱ्यांत असंही एखादं मूल असेल, जे स्वतःबद्दलचं उत्तर त्यातूनच शोधत असेल.